रंगाचं वजन

बेकरीवाल्यानं विमान काट्यावर ठेवलं ते निव्वळ गंमत म्हणून. पेंटरनं दादासाठी नेहमीचा मऊ ब्रेड मागितला होता आणि खिशात हात घालता यावा म्हणून विमानाचं खोकं काउंटरवर टेकवलं होतं. खोक्याला झाकण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते त्यानं मुद्दामच गॅरेजमध्ये ठेवलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी विमान बघावं असं त्याला मनातून फार वाटत होतं, आणि लोक बघतही होते. "वा वा, विमान! काय किलो दिलं?" असं म्हणत बेकरीवाल्यानं ते दोन्ही हातांनी अलगद उचललं, बिस्किटं तोलायच्या काट्यावर ठेवलं आणि मान वाकडी करून आकडा वाचला. "एकशे नव्वद ग्रॅम. बांधून देऊ, की इथंच खाणार?" मागं उभी असलेली बाई खुदकन हसली. पेंटरही हसला. हसू ओठांवर होतं तोवरच त्यानं वाकून आकडा स्वतः वाचला. "पुन्हा ठेवा जरा," तो म्हणाला. बेकरीवाल्यानं पुन्हा ठेवलं. काटा काही भिडस्त नव्हता, त्यानं तोच आकडा दाखवला. दादा म्हणाला होता, नव्वदच्या आत. शंभर झालं तर बघू, कसंतरी उडवू. त्याच्या वर गेलं तर मग ते विमान नाही, शोभेची वस्तू.

ब्रेड काखेत आणि खोकं छातीशी धरून तो बसस्टॉपच्या बाकावर येऊन बसला. बस आली, गेली. चढावंसं वाटलं नाही, कारण बस घरी जात होती आणि घरी दादा वाट बघत होता. उद्या सकाळी, वारा पडलेला असताना, पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात विमान उडवायचं ठरलं होतं. वहिनीनं शेजाऱ्यांची गाडी सांगून ठेवली होती. विमान उडालं की त्याच गाडीनं परस्पर हॉस्पिटल. ही अट दादाची. दादाच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. डॉक्टर सांगून सांगून थकले होते की ऑपरेशन आत्ता केलंत तर माणूस हाती लागेल, लांबवलंत तर मग माझ्याकडे येऊ नका. दादा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. "बरा होऊन काय करू? पाइपलाइनचे नकाशे काढू?" जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढलेला तो हात आता चहाच्या कपातही वादळ उठवायचा. मग एके दिवशी पडल्या पडल्या त्याला कपाटावर धूळ खात असलेला विमानाचा सांगाडा दिसला. निवृत्त झाल्यावर त्यानं तो करायला घेतला होता आणि अर्धाच सोडला होता. हलक्या लाकडाच्या काडी काडीनं जोडलेला, रबराच्या पिळावर उडणारा. "तो खाली काढ रे," दादा म्हणाला. तेवढ्या चार शब्दांनी घरातली हवा बदलली. पाठीशी उश्या लावून, एकेका काडीला तास तास घेत तो कामाला बसला. उरलेल्या काड्या जोडल्या, पातळ रेशीम चढवलं, त्यावर त्या उग्र वासाच्या रोगणाचा हात दिला. त्याला तो डोप म्हणायचा. डोप वाळलं की रेशीम आक्रसून ढोलाच्या कातड्यासारखं ताणलं जायचं. दादा त्यावर टिचकी मारायचा, कान देऊन ऐकायचा आणि मग वहिनीकडे भाकरीचा आणखी तुकडा मागायचा. सगळं आवरल्यावर त्याचा हात साफ गळाला. राहिला फक्त रंग. "रंग धाकटा देईल," दादा म्हणाला. "त्याचं कामच आहे ते. आणि हे एकदा उडालेलं बघतो, मग न्या मला कुठं न्यायचंय तिथं. कापा काय कापायचंय ते." वहिनी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ मोठा सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

दादानं सांगितलं नव्हतं असं नाही. दादा न सांगता काही सोडेल हे शक्यच नव्हतं. "रंग दिसण्यापुरता. पातळ कर, अजून पातळ कर, आणि एकच हात. रंगातून कापडाची वीण दिसली पाहिजे. वीण दिसेनाशी झाली की समज, वजन गेलं." पेंटरनं मान डोलावली होती. पण ही मान गाड्या रंगवून पिकलेली. त्याच्या धंद्यात रंगाखालचं काही दिसलं तर गिऱ्हाईक गाडी परत आणून दारात उभी करतं. पत्र्यावरचा ठोक्याचा डाग, वेल्डिंगची रेघ, जुन्या रंगाचा पोपडा, सगळं गिळून वर पाण्यासारखा सपाट थर आला पाहिजे, त्यालाच काम म्हणायचं. रेशमावर पहिला हात मारला तेव्हा विणीचे बारीक बारीक दाणे वर आले आणि त्याला अंगावर पुरळ बघितल्यासारखं झालं. असं अर्धवट काम दादाच्या हातात कसं द्यायचं? म्हणून नुसता एक प्रायमर. प्रायमर वाळल्यावर पॉलिश पेपर ओला करून, श्वास रोखून, बोटाच्या पेरानं घासला, तर शेपटीजवळ वीण पुन्हा डोकावली. तिथं जरा लांबी, म्हणजे खाचखळगे बुजवायची पुट्टी. मग लांबीचा ठिपका दिसू नये म्हणून सगळीकडे आणखी एक फवारा. मग तो लाल, जो त्यानं स्वतः मिसळला होता, थोडा काळा थेंब घालून, म्हणजे उथळ दिसू नये. मग पंखांवर पांढरा पट्टा. मग चकाकीसाठी लॅकर. मग लॅकर घासून पुन्हा लॅकर. जेवणाच्या सुट्टीत, काम सुटल्यावर, गॅरेजच्या मागच्या रंगाच्या खोलीत त्यानं ते केलं, आणि इतकं सुख त्याला आयुष्यात क्वचितच झालं असेल. शेवटी पंखात त्याचा चेहरा दिसायला लागला. शेठनं येऊन बघितलं, पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरनं बघितलं, एका गिऱ्हाइकानं तर विकत मागितलं. वजनाचं काय? ते एकदाही मनात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं होतं. प्रायमरच्या वेळी आलं होतं. पण तेव्हा त्याला वाटलं, दादाचं नेहमीचंच आहे, असंच पाहिजे आणि तसंच पाहिजे. एकदा बघेल तर बोलती बंद होईल.

बोलती बंद करायची होती, हेच खरं. बाकावर बसल्या बसल्या ते त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्यानं डोळे मिटून घेतले. लहानपणी दादा विमानं करायचा आणि हा सरसाची वाटी धरून बसायचा. एकदा पंख नीट धर म्हटल्यावर यानं इतका नीट धरला की पंखाच्या दोन काड्या कडकन मोडल्या. दादा म्हणाला, "हात आहेत का हातोडे?" तेव्हापासून ते हातोडे त्याच्या मनगटाला लटकलेलेच राहिले. शाळा सुटली, गॅरेज लागलं, तिथं नाव झालं, लांबून लांबून लोक गाड्या घेऊन यायला लागले, पण दादा काही त्या गाड्या बघायला आला नाही. घराच्या भिंती यानं एकदा सुट्टी टाकून रंगवल्या. वहिनी खोल्याखोल्यांतून फिरत होती, "भाऊजी, देवळात आल्यासारखं वाटतंय हो" म्हणत होती. दादा चष्मा लावून आला, चौफेर बघितलं आणि खिडकीखाली बोट ठेवलं. "इथं ओघळ आलाय." ओघळ होता. दादाला खोटं बोलता येत नसे, हीच तर अडचण होती. तो ओघळ पेंटरनं नंतर घासून काढला, तरी आजही त्या खिडकीखाली नजर गेली की त्याला तो दिसतो. लग्न जमलं नाही, बाहेरच्या खोलीत आयुष्य गेलं, पानात वाढलेलं कधी कमी पडलं नाही, आजारपणात दादानं उशाशी बसून रात्री काढल्या. सगळं केलं दादानं. फक्त एकदा "छान केलंस" म्हणाला नाही. या वयात असल्या गोष्टीला जीव लावून बसणं हास्यास्पद आहे हे पेंटरला कळत होतं. डोक्याचे केस पिकले आणि अजून याला थोरल्या भावाकडून शाबासकी हवी. पण हवी होती. त्या एका शब्दासाठी त्यानं थरावर थर चढवले आणि दादाच्या जगण्याची जी एकच बारीक वाट राहिली होती ती बुजवून टाकली. त्याला ओरडावंसं वाटलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होता. तो वर न बघताच म्हणाला, "फार सुंदर आहे हो तुमचं विमान."

तो उठून गॅरेजकडे परत निघाला. जवळजवळ धावतच. रंग चढवला तो उतरवताही येतो, आयुष्यभर दुसरं केलं काय आपण? गॅरेज बंद व्हायची वेळ झाली होती. डेंटर पत्र्यावर शेवटचे ठोके मारत होता. या दोघांची जोडी जुनी. एकानं ठोकायचं आणि दुसऱ्यानं ठोकलेलं झाकायचं. "काय रे पेंटर, विसरलास काय?" त्यानं विचारलं. पेंटरनं खोकं टेबलावर ठेवलं. थिनरचा डबा उघडला, मऊ फडक्याचं टोक भिजवलं आणि शेपटीच्या खालच्या अंगाला, जिथं चटकन दिसणार नाही तिथं, हळूच फिरवलं. लाल रंग फडक्यावर आला. एक क्षणभर त्याला वाटलं, जमलं. त्यानं आणखी एकदा फिरवलं. मग लाल संपला, राखाडी प्रायमर आला, आणि त्याच्यामागोमाग दादाचं डोपही सुटून चिकट होऊन आलं. ताणलेलं रेशीम ढिलं पडलं आणि त्यावर दुधावरच्या सायीसारखी सुरकुती धरली. रंग आणि डोप दोन्ही थिनरचेच भाऊबंद. एकाला उचलायचं आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही असं काही थिनरला कळत नव्हतं. घासायला जावं तर रेशीम फाटणार. फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते थिनरमुळे, असं त्यानं डेंटरला सांगितलं.

डेंटरनं हातोडी खाली ठेवली. "झालं तरी काय?" "जड झालंय," पेंटर म्हणाला. "उडणार नाही." "बघितलंस का उडवून?" नव्हतं बघितलं. मग दोघांनी मिळून मागच्या अंगणात जुन्या गाडीच्या सीटा ओढून आणल्या आणि त्यांची गादी केली. पेंटरनं रबराला पीळ दिला नाही. आधी नुसतं सोडून बघायचं असतं, हे दादानंच शिकवलं होतं. डोक्याच्या उंचीवर धरायचं, नाक जरासं खाली, फेकायचं नाही, हात पुढं न्यायचा आणि विसरून जायचं. लहानपणी दादाच्या हातातून सुटलेलं विमान क्षणभर हवेत विचार केल्यासारखं थांबायचं, मग आपणहून निघायचं. पेंटरनं हात पुढं नेला. विसरायला मात्र जमलं नाही. लांबी शेपटीकडेच भरली होती, त्यामुळे विमानानं आधी शेपटी खाली टाकली, नाक वर केलं आणि माळ्यावरून बूट पडावा तसं ते सीटवर पडलं. एक काडीही मोडली नाही. "बघ, पडलं तरी ओरखडा नाही!" डेंटर म्हणाला, आणि मग त्यानं पेंटरच्या तोंडाकडे बघितलं. विमान उचलून देत म्हणाला, "अरे, एवढं देखणं झालंय. उडायलाच कशाला पाहिजे?" तो बिचारा समजूत काढत होता. पेंटरनं पुन्हा सोडून बघितलं. तिसऱ्यांदा नाकात एक नट अडकवून सोडून बघितलं, म्हणजे शेपटीचा भार तोलला जाईल. तोललाही गेला. या खेपेला ते नाकावर पडलं.

घराकडे येताना त्यानं थापा जुळवून बघितल्या. उद्या वारा आहे म्हणावं. परवा वारा आहे म्हणावं. पण हॉस्पिटलही तितकंच पुढं जाणार, आणि झडप काही वाऱ्याकडे बघून थांबणार नव्हती. नवं कापड चढवावं तर ते दादालाच येतं आणि दादाचा हात गेलेला. एका वळणावर समोरून बस येत होती. त्याच्या मनात आलं, खोकं हातातून निसटलं तर? गर्दीत धक्का लागला, चाकाखाली गेलं, कुणाचाच दोष नाही. दादा बसच्या नावानं शंख करेल, नशिबाच्या नावानं करेल, आणि मग म्हणेल, ठीक आहे, चला हॉस्पिटलात, बरा होऊन नवं करतो. म्हणेल का? एखाद्या वेळेस म्हणेलही. पेंटर कडेला सरकला. त्यानं खोकं पुढं धरलं. बस आली, तिच्या काचांतला उजेड पंखांवरून सरकत गेला, आणि पंख असा काही झळाळला की त्याचे हात आपोआप मागं आले. बस निघून गेली. तो तिथंच उभा राहिला. दादाच्या जिवापुढेही आपल्याला आपला रंग सोडवला नाही, याची त्याला इतकी किळस आली की रस्त्याच्या कडेला बसून त्यानं कोरड्या ओकाऱ्या काढल्या.

वहिनीनं दार उघडलं ते तोंडभर हसत. कित्येक महिन्यांत त्यानं तिला असं बघितलं नव्हतं. "किती उशीर, भाऊजी! इकडे सकाळपासून नुसता धुमाकूळ आहे. दाढी केली, स्वतःच्या हातानं. गाल कापून घेतला, पण केली. आणि आत्ता बघा तरी, उद्या घाई नको म्हणे, म्हणून आजच बूट चढवून बसलेत. माझ्याकडून नाड्या बांधून घेतल्या. बॅग भरून दारात आहे, बघा." बॅग दारात होती. वरच्या कप्प्यात टॉवेल नीट घडी करून ठेवलेला दिसत होता. वहिनीनं खोक्यात डोकावून बघितलं आणि गालाला हात लावला. "अगं बाई, काय केलंय हो हे! काचेचं वाटतंय." पेंटरला वाटलं, हिला इथंच सांगून टाकावं, हिचे पाय धरावेत. पण आतून दादाची हाक आली. "धाकट्या, आण बघू."

दादा पलंगाच्या कडेला बसला होता. पाय खाली सोडलेले, पायांत ते काळे बूट, वर पायजमा. पाय सुजल्यामुळे बूट घट्ट झाले होते आणि नाड्यांची टोकं पुरली नव्हती. त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. पेंटरनं विमान त्यांवर ठेवलं आणि तो बाजूला झाला. दादाचे हात, जे कधी स्थिर राहत नसत, ते जरा खाली गेले आणि तिथंच थांबले. बस, तेवढंच. त्याला काट्याची गरज लागली नाही. त्यानं डोळे मिटून घेतले होते. मग एका हातानं विमान मांडीवर टेकवून त्यानं पंखावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीण शोधत. बोट कुठंच अडलं नाही. शेपटीखालच्या सुरकुतीवर ते पोचलं तेव्हा मात्र जरा रेंगाळलं. पेंटर वाट बघत होता. आता सुरू होईल. सांगितलं होतं ना? कान आहेत का भोकं? हात आहेत का हातोडे? त्याला ते सगळं हवं होतं. दादाचा श्वास फुलेपर्यंत, वहिनी धावत येईपर्यंत त्यानं बोलावं. कारण रागावणारा माणूस उद्याचं काहीतरी धरून असतो. रागावून झाल्यावर तो म्हणेल, आण ते पातं, काढू हे कापड, मी सांगतो तसं कर.

"छान केलंस," दादा म्हणाला.

पेंटरला वाटलं त्याला भास झाला. "दादा, जड झालंय ते." "हो." "मी काढतो सगळं. कापडासकट काढतो. तू नुसतं पडून सांग, मी नवं चढवतो. वीण दिसेल असं करतो." "आता कुठं काढतोस," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात नावालाही धार नव्हती. दिव्याकडे धरून तो विमान फिरवून फिरवून बघत होता. परक्या घरी गेल्यावर लोक शोकेसमधल्या वस्तू बघतात तसं. "रंग फार सुरेख मिसळलायस. लाल असा सहसा जमत नाही. एवढं चांगलं काम करतोस, मला माहीतच नव्हतं. कपाटावर ठेव, दिसेल असं." दारातून वहिनीनं टाळीच वाजवली. "ऐकलंत ना, भाऊजी? निघालं की नाही एकदाचं तोंडातून! आता मी चहा टाकते, साखर जरा जास्तच घालते." ती आत गेली. कपबश्या वाजल्या. ती काहीतरी गुणगुणत होती.

"उद्या हॉस्पिटलात तरी जाऊ, दादा," पेंटर म्हणाला. "विमानाचं राहू दे. गाडी यायचीच आहे." दादानं विमान त्याच्या हातात दिलं. "गाडीवाल्याला नको म्हणून सांग सकाळी. आणि तुझ्या वहिनीला आत्ताच बोलू नकोस, चहा पिऊ दे तिला." मग त्यानं पाय जरा पुढं केले. "हे बूट काढ रे तेवढे. मला वाकवत नाही."

पेंटरनं विमान जमिनीवर ठेवलं आणि तो गुडघ्यांवर बसला. वहिनीनं गाठी घट्ट मारल्या होत्या, निघू नयेत म्हणून. बोटांना थिनरचा वास येत होता आणि नाडीचं टोक सापडत नव्हतं. "दादा, रागव ना मला," तो म्हणाला. मान वर करायचं धाडस त्याला झालं नाही. "एकदा रागव. तोंडात मार माझ्या. वाटेल ते बोल." दादाचा हात त्याच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला.

"सावकाश सोड," दादा म्हणाला. "मला काही घाई नाही."